घरच्या मिग मशीनवर गाडीचा गंजलेला पत्रा जोडायला शिकताना

खान्देशात समुद्र नाही, वर्षातले बरेच महिने हवा कोरडी असते. तरीही जुन्या मारुती 800, ऑम्नी आणि जीपचे तळ सडलेले सापडतात. याचं पहिलं कारण काळी माती. चाकाच्या कमानीत आणि दाराखालच्या सिलच्या सांध्यात ती ठासून बसते, उन्हाळ्यात दगडासारखी कडक होते आणि पाऊस पडला की कितीतरी दिवस ओल सोडत नाही. दुसरं कारण खत. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात असो की शिरपूर-शहाद्याच्या कापसाच्या शिवारात, खताच्या गोण्या मागची सीट काढून घरच्याच गाडीतून येतात. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. लोखंडाला ते मिठाइतकंच घातक. मॅटखाली सांडलेलं मूठभर पोटॅश पावसाळ्यात ओल धरतं आणि वरचा रंग शाबूत असताना आतला पत्रा खातं. मुंबईकडून आलेली सेकंडहँड गाडी असेल, तर गंज आधीपासूनच सोबत असतो.

हा पत्रा कापून नवा जोडण्याचं काम घरी शिकता येतं. मात्र एक गोष्ट मनात पक्की हवी. गाडीच्या बाहेरच्या अंगाचा पत्रा साधारण 0.7 ते 0.9 मिलिमीटर जाड असतो, तळाचा 0.8 ते 1 आणि सिलचा 1 ते 1.2. गेट-ग्रिलच्या कामात उष्णता जास्त दिली की सांधा पक्का होतो. इथे उष्णता जास्त झाली की पत्र्याला भोक पडतं, नाहीतर पत्रा वाकडा होतो. खालच्या जवळपास सगळ्या सूचना उष्णता आवरण्यासाठीच आहेत.

कोणतं मशीन घ्यावं

गावोगावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात रॉडचं आर्क मशीन असतं. ट्रॉलीचा साठा, नांगराचा फाळ, शेडचे खांब यांसाठी ते उत्तम. पण 2.5 मिलिमीटरचा रॉड नीट चालायला 60 ते 90 अँपिअर लागतात आणि एवढ्यात 0.8 चा पत्रा क्षणात वितळून खाली पडतो. बारीक रॉड वापरून पत्रा जोडणारे कारागीर आहेत, पण त्यांच्या हातामागे बरीच वर्षं असतात. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. ऑक्सिजन-ॲसिटिलिनचं गॅस वेल्डिंग जुन्या डेंटरांचं आवडतं. त्याने पत्रा छान जुळतो, पण तापतोही फार दूरपर्यंत, आणि ॲसिटिलिनची टाकी घरात ठेवायची वस्तू नाही. टिगचं, म्हणजे टंगस्टनच्या टोकाने पत्रा वितळवून तार हाताने भरायच्या वेल्डिंगचं, काम सगळ्यात देखणं. मात्र ते हळू चालतं आणि पत्रा आरशासारखा स्वच्छ मागतं. हात बसल्यावर दुसरं मशीन म्हणून टिगचा विचार करा.

सुरुवातीला मिगच घ्यावं. यात तार मशीनमधून आपोआप पुढे येते, तीच वितळून जोड भरते आणि सोबत सुटणारा गॅस बाहेरची हवा अडवतो. बाजारात त्याला बहुतेक जण सीओटू मशीन म्हणतात. घेताना वरची क्षमता बघू नका, खालची बघा. 200 की 250 अँपिअर हा प्रश्न आपल्याला लागू नाही. मशीन 30-40 अँपिअरवर न अडखळता चालतं का, हे दुकानातच पत्र्याच्या तुकड्यावर चालवून बघा. व्होल्टेज आणि तारेचा वेग यांना वेगवेगळे नॉब हवेत. तार ढकलणाऱ्या रोलरला 0.6 आणि 0.8 ची खाच हवी. टॉर्च, म्हणजे हातात धरायची वेल्डिंगची बंदूक, काढता-घालता येणारी असावी, म्हणजे लायनर (तार जिच्यातून येते ती आतली नळी) बदलता येतो. स्पॉट टायमर, म्हणजे ठरलेल्या वेळेनंतर टाका आपोआप थांबवणारा नॉब, असेल तर फार उपयोगी, कारण आपलं निम्मं काम ठिपक्यांचंच आहे. दुरुस्ती जिल्ह्यात होते का, हेही विचारून घ्या.

गॅसशिवाय चालणारी मशीनही मिळतात. त्यांच्या तारेच्या पोटात फ्लक्स भरलेला असतो. उघड्यावर, वाऱ्यात, 1.2 मिलिमीटरच्या वरच्या पत्र्याला ती चालतात. त्याखालच्या पत्र्यावर ही तार फार तापते, थेंब उडवते आणि वर खपलीही सोडते. बॉडीच्या कामाला गॅस हवाच. दोन्ही प्रकार चालवणारं मशीन असेल तर ध्रुव बदलायला विसरू नका. साध्या भरीव तारेला टॉर्च पॉझिटिव्हवर, फ्लक्सच्या तारेला निगेटिव्हवर. हे उलटं राहिलं तर तार पत्र्यात न भिनता वर गोळे बनून बसते आणि माणूस दिवसभर नॉब फिरवत राहतो.

विजेचं

पत्र्याच्या कामाला वीज फार लागत नाही. 50 अँपिअरवर इन्व्हर्टर मशीन घरच्या लाइनमधून साधारण 6 ते 8 अँपिअर ओढतं, म्हणजे 16 अँपिअरचा चांगला सॉकेट पुरतो. खरी अडचण व्होल्टेजची. एकाच डीपीवर गावाची घरं आणि शेतीपंप असतील तर पंप सुरू होताच 230 चे 180 होतात. बहुतेक मशीन 230 च्या 15 टक्के खाली-वर चालतील अशी बनवलेली असतात, म्हणजे साधारण 195 पर्यंत. त्याखाली ठिणगी, म्हणजे तार आणि पत्रा यांमधला आर्क, फुसफुसते, तार न वितळता पत्र्याला ढोसते. मशीन लावण्याआधी मल्टिमीटरने सॉकेटवरचं व्होल्टेज बघा आणि टॉर्च चालू असतानाही बघा. पंप बंद असतात ती वेळ कामासाठी निवडा.

खळ्यापर्यंत वायर ओढायची असेल तर 15 मीटरपर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरची आणि त्यापुढे 4 ची तांब्याची तीन कोरची केबल घ्या. ती पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळलेली केबल तापते. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग असल्याशिवाय मशीनला हात लावू नका. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं. आकडा टाकून वेल्डिंग करणं हा गुन्हा आहेच, शिवाय त्यात संरक्षण काहीच नसतं.

मशीनवर ड्यूटी सायकलचा आकडा असतो. 35 टक्के म्हणजे 10 मिनिटांत साडेतीन मिनिटं ठिणगी. हा आकडा 40 अंश तापमानाला मोजलेला असतो. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात सावलीतच 44-45 होतात, तेव्हा मशीन त्याआधीच दमतं. सरकीचा बारीक कापूस आणि धूळ पंख्याच्या जाळीत बसते. महिन्यातून एकदा प्लग काढून हवेने झटका.

गॅस आणि तार

आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइड यांचं 80-20 किंवा 75-25 मिश्रण पत्र्याला सगळ्यात चांगलं. ठिणगी शांत राहते, थेंब कमी उडतात. नुसत्या कार्बन डायऑक्साइडवरही काम होतं आणि तो स्वस्तही पडतो. पण त्याची ठिणगी जास्त खोल जाते, व्होल्टेज एक-दीड वाढवावं लागतं आणि बारीक पत्र्यावर हात फार सांभाळावा लागतो. शिकताना मिश्रणच घ्या, पुढचे भोकं बुजवण्याचे कष्ट वाचतात. दोन्हींचे रेग्युलेटर वेगळे असतात. गॅस देणाऱ्याला आधी विचारून मगच रेग्युलेटर घ्या.

10 लिटरच्या सिलिंडरमध्ये 150 बारला साधारण 1500 लिटर गॅस मावतो. मिनिटाला 10 लिटर धरले तर अडीच तास. सिलिंडर उभा, साखळीने खांबाला बांधलेला आणि सावलीत हवा. कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो आणि तापला की त्याचा दाब झपाट्याने वाढतो. पत्र्याच्या शेडखाली उन्हात तो ठेवू नका.

तार ईआर 70 एस-6, 0.8 मिलिमीटरची. तांब्याचा मुलामा असलेली असते. 0.6 ची मिळाली तर 0.8 च्या पत्र्यावर आणखी सोपं जातं, पण तालुक्याच्या गावी ती सहसा मिळत नाही. एक किलोच्या रिळात 0.8 ची तार सुमारे अडीचशे मीटर भरते, सुरुवातीला पुष्कळ झाली. काम संपलं की रीळ काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. जून-जुलैत मशीनमध्येच राहिलेल्या तारेवर बारीक गंज चढतो, तो लायनरमध्ये घासतो आणि तार झटके देत येऊ लागते.

आगीचं आणि अंगाचं

खान्देशात वेल्डिंगची जागा बहुतेक वेळा खळं नाहीतर गोठ्याशेजारचं शेड असते. तिथेच कापूस भरलेला, कडबा रचलेला, कापसाच्या काड्यांचा ढीग पडलेला. ठिणगी चार-पाच मीटर सहज जाते. कापसात पडलेली ठिणगी ज्वाळा न दाखवता आत धुमसते आणि दोन तासांनी पेट घेते. ऑक्टोबर ते जानेवारीत घरात कापूस असेल तर त्या शेडमध्ये काम करूच नका. कितीही झाकलं तरी नाही. एरवीही पाण्याची बादली, वाळू आणि एबीसी पावडरचा आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा. काम थांबल्यावर तासभर कुणीतरी तिथेच थांबावं.

गाडीतलं सीट, मॅट, फोम, वायरिंग आणि तळाला चिकटवलेली डांबराची चादर, सगळं जोडाच्या चारही बाजूंनी निदान फूटभर मोकळं करा. डांबर आधी पटाशीने खरवडून काढा. पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला काय आहे हे वाकून स्वतः बघितल्याशिवाय टॉर्च दाबू नका. पेट्रोलची टाकी उतरवून घराबाहेर ठेवा, ती रिकामी असली तरी. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा धोक्याची, त्यामुळे टाकीला घरी वेल्डिंग कधीच नाही. सीएनजी किंवा एलपीजी किट असेल तर सिलिंडर फिटरकडून उतरवून घ्या.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनची, गाडी असेल तर ईसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) प्लगही काढा. अर्थ क्लॅम्प जोडाच्या वीतभर अंतरात, घासलेल्या चकचकीत लोखंडाला लावा. तो दूर इंजिनला लावला तर करंट बेअरिंग आणि वायरिंगमधून वाट काढतो.

डोळ्याला आपोआप काळी होणारी हेल्मेट घ्या, शेड 9 ते 13 ची. या अँपिअरला 9 किंवा 10 वर ठेवा. नुसतं डोळे मिटून टॅक (टाका) मारायची सवय गावात फार आहे. रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखी आग होते ती याचीच. जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, चामड्याचे हातमोजे, बंद बूट. मे महिन्यातही बनियन-चप्पल चालणार नाही. उकाडा सहन होत नसेल तर पहाटे साडेपाचला सुरू करा आणि दहाला थांबा.

जस्ताच्या मुलाम्याचा धूर अंगात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. दूध प्यायल्याने किंवा गूळ खाल्ल्याने तो टळत नाही. मुलामा आधी घासून काढा आणि धुराच्या बाजूला तोंड ठेवू नका. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. असा क्लीनर शेडमध्येच ठेवू नका. थिनरने पुसलंत तर पत्रा पूर्ण सुकू द्या आणि डबा, फडकं दोन्ही बाहेर न्या.

हात बसवणं

गाडीला हात लावण्याआधी तुकड्यांवर सराव करा. स्टीलची कपाटं बनवणाऱ्यांकडे 20 आणि 22 गेजच्या सीआर शीटच्या (जस्ताचा मुलामा नसलेल्या गुळगुळीत पत्र्याच्या) कापट्या निघतात, त्या मागून आणा. 20 गेज म्हणजे सुमारे 0.9 मिलिमीटर, 18 गेज 1.2. सरावाला आणि ठिगळाला हाच पत्रा हवा. घरात उरलेला छताचा पत्रा वापरू नका. तो जस्ताचा असतो, कडक असतो, वळवला की परत उसळतो आणि जोडात बुडबुडे येतात.

0.9 च्या पत्र्यावर 0.8 च्या तारेने सुरुवातीचं सेटिंग : 50 अँपिअर, सुमारे 16 व्होल्ट, तारेचा वेग मिनिटाला अडीच ते तीन मीटर, गॅस 8 ते 10 लिटर. टिपच्या (टॉर्चच्या तोंडाशी तार जिच्यातून निघते ती) पुढे तार 8 ते 10 मिलिमीटर बाहेर. टॉर्च जवळजवळ उभी, फार तर 10-15 अंश कललेली.

दोन तुकडे 1 मिलिमीटरच्या फटीने शेजारी ठेवा आणि ट्रिगर अर्धा ते एक सेकंद दाबा. बारीक, एकसारखा तडतडाट यायला हवा. फट-फट असे तुटक आवाज येत असतील तर व्होल्टेज कमी आहे किंवा तार जास्त आहे. सूं असा आवाज येऊन तारेचं टोक टिपपर्यंत जळत असेल तर तारेचा वेग वाढवा. एका वेळी एकच नॉब, तोही थोडासा फिरवा. आता तुकडा उलटा करून बघा. मागच्या बाजूला टाक्याच्या जागी एक लहानसा उंचवटा आणि भोवती निळसर वर्तुळ दिसलं तर टाका आरपार भिनलाय. मागे फक्त निळा डाग असेल आणि पुढे ताठ मणी उभा असेल तर तार नुसती वर बसली आहे. असा टाका घासताना सपाट होतो, चांगला दिसतो आणि पहिल्याच खड्ड्यात उघडतो. पुढून सुंदर दिसणाऱ्या टाक्यावर विश्वास ठेवू नका, मागची बाजू बघायची सवय लावा.

जोडलेले तुकडे व्हाइसमध्ये धरून हातोडीने वाकवा. जोडाशेजारचा पत्रा फाटायला हवा, जोड नाही. सलग दहा तुकडे असे टिकेपर्यंत गाडीकडे जाऊ नका.

कुठून सुरू करावं, काय सोडून द्यावं

पहिलं काम तळाचं किंवा डिकीतल्या स्टेपनीच्या खड्ड्याचं घ्या. वाकडंतिकडं झालं तरी मॅटखाली जातं आणि हात चालतो. बॉनेट, छत, दाराचा बाहेरचा पत्रा हे सपाट आणि मोठे भाग सगळ्यात शेवटी. तेच सगळ्यात आधी वाकडे होतात. जुनी महिंद्रा जीप असेल तर पत्रा जाड आणि बॉडी चासीपासून वेगळी, म्हणून शिकायला ती सगळ्यात सोयीची.

चासीचे लांब दांडे, सस्पेन्शन बसतं ते भाग, सीट बेल्टचे बोल्ट आणि स्टिअरिंगची जागा हे घरी शिकताना करायचं काम नाही. अलीकडच्या गाड्यांचे खांब जास्त ताकदीच्या पोलादाचे असतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ती ताकदच जाते. ते सोडा. चासी नंबर जिथे कोरलेला आहे, तिथे ग्राइंडर नेऊ नका. पंधरा वर्षं झालेली एमएच 19, 18 किंवा 39 पासिंगची गाडी नूतनीकरणाला आरटीओत जाते तेव्हा तो नंबर तपासला जातो.

कापणं आणि ठिगळ बनवणं

गंज किती आहे हे रंगावर दिसत नाही. जाड पेचकसाने टोचत जा. जिथे आवाज बोदा येतो किंवा टोक आत जातं, तिथे पत्रा गेला. रंग वायर ब्रशने किंवा फ्लॅप डिस्कने उडवा, चकचकीत लोखंड लागेपर्यंत. ज्या ओळीवर कापणार त्याच्या पुढे निदान 25 मिलिमीटर निरोगी पत्रा मिळायला हवा. इथेच सगळ्यात जास्त कंजूसपणा होतो. भोकाएवढंच कापलं, कडेचा पत्रा निम्मा गंजलेला राहिला, की टाका मारताच कड मागे मागे पळते आणि भोक वाढत जातं. मग माणूस मशीनला दोष देतो. निर्धास्तपणे मोठं कापा.

4 इंची ग्राइंडरला 1 मिलिमीटरची कटिंग डिस्क लावा. गार्ड काढू नका, डिस्कवरचा आरपीएमचा आकडा ग्राइंडरपेक्षा जास्त असायला हवा. कोपरे चौकोनी न ठेवता गोल ठेवा, तीक्ष्ण कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथून चीर जाते. सिल कापायची असेल तर आधी दाराच्या चौकटीत चौकोनी पाइप आडवा जोडून आधार द्या. गाडी सस्पेन्शनखाली घोडे (लोखंडी स्टँड) लावून ठेवा आणि एका वेळी एकच बाजू कापा. नाहीतर मधूनच गाडी दबते आणि दार लागेनासं होतं.

पुठ्ठ्याचा नमुना कापून भोकावर बसवा, मग त्यावरून सीआर शीट कापा. ठिगळ तंतोतंत बसायला हवं. सगळीकडे 1 मिलिमीटरच्या आत फट, कुठेही एकावर एक चढलेलं नको. बसत नसेल तर पुन्हा घासा. फट तारेने भरून काढू म्हणणं म्हणजे तिथे उष्णता ओतणं. ठिगळाच्या मागच्या बाजूला आणि आत पोचता येणार नाही अशा जागी झिंक प्रायमर आधीच मारा. जोडाची कड मात्र दोन्ही बाजूंनी 15 मिलिमीटर कोरी ठेवा.

तळासारख्या लपलेल्या जागी पत्र्यावर पत्रा चढवून 12-15 मिलिमीटरचा लॅप जोड चालतो आणि नवशिक्याला तो सोपाही जातो. त्याची अडचण अशी, की दोन पत्र्यांमध्ये ओल राहते. नंतर दोन्ही बाजूंनी सीलर भरणार असाल तरच लॅप करा.

टाके

व्हाइस ग्रिप किंवा चुंबकाने ठिगळ धरा. चार कोपऱ्यांत चार टाके. मग प्रत्येक दोन टाक्यांच्या मध्ये एक, असं करत अंतर 25-30 मिलिमीटरवर आणा. एक टाका इथे, पुढचा समोरच्या बाजूला, तिसरा तिसऱ्याच कोपऱ्यात. प्रत्येक फेरीनंतर ठिगळाची पातळी बोटाने तपासा आणि वर आलं असेल तर हलक्या हातोडीने बसवा. आता मधली जागा ठिपक्याला ठिपका चिकटवत भरा. मात्र शेजारचा टाका हात ठेवता येईल इतका गार झाल्यावरच. पत्र्यावर लांब ओळ ओढायची नाही, कितीही मोह झाला तरी. 20 सेंटिमीटरचं ठिगळ भरायला तासभर लागला तर तो योग्य वेग आहे. मे महिन्यात पत्रा आधीच तापलेला असतो, मग जास्त थांबावं लागतं. गार करायला ओलं फडकं लावू नका, कॉम्प्रेसरची हवा चालेल, तीही ठिणगी बंद असताना.

मागच्या बाजूला हात पोचत असेल तर जाड तांब्याची पट्टी दाबून धरा. फ्रिजची जुनी तांब्याची नळी ठोकून सपाट केली तरी भागतं. पोलाद तांब्याला चिकटत नाही, उष्णता पट्टीत जाते आणि पडलेलं भोकही याच्या आधाराने कडेकडेने ठिपके देऊन बुजवता येतं.

कंपनीने स्पॉट वेल्डने जोडलेला भाग, जसं सिलची किनार, परत जोडताना प्लग वेल्ड करतात, म्हणजे वरच्या पत्र्याला भोक पाडून त्यातून तो खालच्याशी जोडतात. जुने स्पॉट 8 मिलिमीटरच्या ड्रिलने फक्त वरच्या पत्र्यापुरते उडवा. नव्या पत्र्याला 6 मिलिमीटरची भोकं पाडा, जाड भागाला 8 ची. अंतर कंपनीच्या स्पॉटएवढंच ठेवा. दोन्ही पत्रे क्लॅम्पने एकमेकांना घट्ट भिडवा, कागदाचीही फट नको. इथे अँपिअर 70-80 पर्यंत वाढवा. टॉर्च भोकाच्या मधोमध, खालच्या पत्र्यावर धरा, तिथे वितळलेल्या धातूचं तळं तयार होऊ द्या आणि मग गोल फिरवत काठापर्यंत या. काठापासून सुरू केलं तर भोक भरतं, पण खालच्या पत्र्याशी काहीच जुळत नाही. सरावात दोन कापट्यांना असा एक प्लग मारून त्या छिनीने उघडून बघा. खालच्या पत्र्यावर वरच्याचा गोल तुकडा चिकटून राहिला आणि वरच्याला भोक पडलं, तर तुमचा प्लग गाडीत चालेल.

बिघडतं ते

जोडावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर गॅस पोचत नाही. खान्देशात याचं मुख्य कारण कूलर. उकडतं म्हणून तो समोर ठेवलेला असतो आणि गॅस उडवून लावतो. कूलरची आणि पंख्याची हवा पाठीवर घ्या, जोडावर नको. दुपारच्या गरम वाऱ्यात आडोसा करा, गॅस 12-14 लिटर करा. त्याहून वाढवू नका, फार जोराने सुटलेला गॅस बाहेरची हवा आत ओढतो. तरीही भोकं येत असतील तर नॉझलमध्ये साचलेले थेंब काढा आणि पत्र्याची मागची बाजू बघा. तिथे रंग किंवा डांबर राहिलेलं असतं.

तार रोलरपाशी गुंता करून बसली तर टिप बुजली आहे किंवा रोलरचा दाब जास्त आहे. दाब एवढाच ठेवा, की लाकडाच्या फळीवर तार टेकवली तर ती वळत जाते आणि बोटांनी घट्ट धरली तर रोलर घसरतो. टॉर्चची केबल सरळ ठेवा. टिप ही खर्चाची वस्तू आहे, 0.8 च्या चार-पाच घेऊन ठेवा.

ठिणगी कधी लागते, कधी लागत नाही, असं झालं तर मशीन उघडू नका. अर्थ क्लॅम्पखाली रंग आहे.

पत्रा फुगला तर घाईने हातोडी मारू नका. जोड गार होताना आकसतो आणि शेजारचा पत्रा ओढून घेतो. टाक्याच्या मागे लोखंडी डॉली (हातात धरायचा ठोकळा) धरून टाक्यावरच हलके ठोके द्या, म्हणजे आकसलेला धातू पुन्हा पसरतो. म्हणून आधी ठोकायचं, मग घासायचं. आधी घासलं तर पसरायला धातूच उरत नाही.

घासणं आणि बंद करणं

60 ग्रिटची फ्लॅप डिस्क, फक्त मण्याच्या डोक्यावर, दोन-तीन सेकंद, मग दुसरी जागा. ग्राइंडरही पत्रा तापवतो आणि निळा पडला म्हणजे पुन्हा वाकला. जोड पत्र्याच्या पातळीला आला की थांबा, पुढे गेलात तर पत्रा पातळ होतो. आता बॅटरी टॉर्च मागच्या बाजूने धरून अंधारात बघा. उजेडाचे ठिपके दिसतील तिथे एकेक टाका द्या.

उघडं लोखंड रात्रभर ठेवू नका. पावसाळ्यात ते सकाळपर्यंत पिवळं पडतं. थिनरने पुसून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, तो सुकल्यावर सांध्यात ब्रशने सीम सीलर, मग खालून अंडरबॉडी कोटिंग. पुट्टी थेट कोऱ्या लोखंडावर नको, ती पाणी शोषते. प्रायमरवरच भरा, 2-3 मिलिमीटरपेक्षा जाड थर नको.

सिलसारख्या पोकळ भागात आतून वेल्डिंगमुळे प्रायमर जळलेला असतो आणि पुढचा गंज तिथूनच सुरू होतो. रंग झाल्यावर लांब नळीच्या पिचकारीने आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा. सिलच्या खालच्या किनारीला कंपनीने पाणी निघायला ठेवलेली भोकं सीलरने किंवा कोटिंगने बुजलेली असतात. ती तारेने मोकळी करा. पहिल्या पावसानंतर कमानीत भरलेली काळी माती ओली असतानाच पाइपने धुऊन काढा आणि त्या भोकांतून पाणी गळतंय का ते वाकून बघा.